हेडफोनची वास्तुशांत

तर झालं असं, की गेल्या महिन्यात माझ्या कपाटात चार दिवस पाऊस पडत होता.

खरा नव्हे हो. हिंजवडीतल्या आमच्या भाड्याच्या टू बीएचकेला गळती आहे, पण ती बाथरूममध्ये, आणि तो वेगळ्या कॉलमचा विषय आहे. कपाटात स्वेटरांच्या कप्प्यात एक नवाकोरा हेडफोन ठेवला होता. वायरवाला, मोठ्या वाट्यांचा. तो जोडला होता जुन्या फोनला, फोन चार्जरला, आणि त्यातून अखंड एकच आवाज, ‘श्शश्शश्श...’ एक नाही, दोन नाही, शंभर तास.

याला म्हणतात बर्न-इन. ज्यांना हा फंडा माहीत नाही त्यांच्यासाठी: नवा हेडफोन आणला की लगेच ऐकायचा नाही म्हणे. त्याचे ड्रायव्हर ‘घट्ट’ असतात. आधी ४० तास, १०० तास, काही कट्टर भक्तांच्या मते तर २००-३०० तास तो आपलाआपणच वाजू द्यायचा. मग तो ‘खुलतो’. बेस गोल होतो, ट्रेबल टोचायचं थांबतं, गायिका तुमच्या आणि सोफ्याच्या मध्ये येऊन बसते. थोडक्यात, राहायला जायच्या आधी घराची वास्तुशांत करतात तसं. फक्त गुरुजींच्या जागी पिंक नॉइज.

मला हे व्रत दिलं आमच्या टीममधल्या मिरजकरने. (आडनाव वेगळंच आहे, पण मिरजेचा म्हणून मिरजकर.) हेडफोन ११,९९९ चा. ऑफिसात बॉक्स उघडला, कानाला लावणार, तोच हा अंगावर धावून आला. ‘अरे येडा आहेस का? शंभर तास हात लावायचा नाही!’

आता हेडफोन घेतला कशासाठी, हे हिंजवडीकरांना सांगायची गरज नाही, पण बाकीच्या पुण्यासाठी सांगतो. आमचा फ्लोअर म्हणजे एक हॉल आणि चाळीस माणसं. डावीकडचा क्लायंटला ‘यू आर ऑन म्यूट’ सांगत असतो, उजवीकडची होम लोनवाल्याशी भांडत असते, समोर दोघं लंच थाळी मागवायची की बिर्याणी यावर स्प्रिंट प्लॅनिंग करत असतात. मॅनेजरला केबिन, आपल्याला हेडफोन. तो डोक्यावर चढला की दार लागलं. त्यात मारुंजी रोडवरून फेज थ्रीला जायला, म्हणजे हिंजवडीतून हिंजवडीत जायला, पाऊण तास. तिथेही हेडफोन. दिवसाचे सहज नऊ तास होतात. लग्न झालेल्या मित्रांनाही इतका वेळ कोणाची सोबत नसते.

तर, शुक्रवारी रात्री आठ वाजता मी पिंक नॉइज सुरू केला. हिशोब केला: शंभर तास म्हणजे चार दिवस चार तास. मंगळवारी रात्री बारा वाजता पारायण समाप्त.

पिंक नॉइज म्हणजे काय, हे दोन ओळींत. टीव्हीचं चॅनल गेल्यावर पूर्वी जो खरखराट यायचा तो साधारण व्हाइट नॉइज. त्यात सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्या जोराने असतात. पिंकमध्ये प्रत्येक सप्तकाला सारखी ऊर्जा वाटून दिलेली असते, त्यामुळे खालच्या, जाड्या सुरांकडे झुकतं माप. प्रकाशात कमी फ्रिक्वेन्सीची बाजू लाल, म्हणून हा गुलाबी. ऐकायला धबधब्यासारखा. मंद्रापासून तारापर्यंत सगळ्यांना समान व्यायाम मिळतो, म्हणून बर्न-इनवाल्यांचा लाडका.

एक गोष्ट मला शनिवारी सकाळी बॉक्स फेकताना लक्षात आली. दुकानदाराची रिप्लेसमेंटची मुदत सात दिवस. त्यातले चार कपाटात जाणार. तीनशे तासांवाल्यांचे तर साडेबारा दिवस जातात. म्हणजे हेडफोन आवडला नाही हे कळेपर्यंत तो परत करायची तारीख उलटलेली! हा सल्ला पहिल्यांदा कोणी दिला असेल, याबद्दल माझ्या मनात एक शंका आहे. असो.

प्लॅनमध्ये एकच बग निघाला. चिंचवडच्या घरी रंगकाम काढलं होतं, म्हणून आई-बाबा त्याच शनिवारी चार दिवसांसाठी माझ्याकडे आले. पाहुण्यांची खोली म्हणजे कपाटवाली खोली. मी म्हटलं, दार बंद आहे, आवाज बारीक आहे, काय होतंय?

रात्री दोन वाजता आई हॉलमध्ये. ‘अरे, कुठेतरी नळ राहिलाय बघ. कधीची ऐकतेय.’

मागून बाबा. ‘कसला नळ? काही आवाज नाहीये. हिला भास होतात.’

‘भास? एवढं पाणी वाहतंय आणि भास?’

‘अगं, शांत आहे सगळं. झोप.’

मी गुपचूप कपाट उघडून दाखवलं. आईने कपाळावर हात मारला. इंजिनीअर मुलगा, रात्री दोन वाजता, स्वेटरांना आवाज ऐकवतोय. बाबांनी मात्र हेडफोन उचलला, उलटसुलट करून बघितला, हातभर लांब धरला. आणि म्हणाले, ‘बंद पडलाय की हा.’

पडला नव्हता. मला तिथे दारातून ऐकू येत होता.

त्यांनी तो डोक्यावर चढवला, वाट्या नीट बसवल्या, आणि चेहरा जरा उजळला. ‘हां हां. येतंय. लांब कुठेतरी पंखा चालू असल्यासारखं.’

एकच आवाज. आईला नळ, बाबांना पंखा. म्हणजे त्या आवाजातला वरचा सगळा ‘स्स’ बाबांपर्यंत पोचतच नव्हता, आणि खालचा ‘घर्र’ तेवढा उरला होता. हे मला तेव्हा, तिथे, रात्री दोनला कळलं असं म्हणायला आवडलं असतं. पण खरं सांगायचं तर मी तेव्हा हसलो आणि झोपायला गेलो.

रविवारी सकाळी चहाबरोबर बाबांनी चौकशी सुरू केली. हे सगळं कशासाठी? मी म्हटलं, ‘बाबा, तुमच्या चेतकचं रनिंग-इन करायचा ना, तसंच.’

ही उपमा मला वाटत होती जाम भारी. बाबा भोसरीतल्या एका कंपनीत एकतीस वर्षं प्रेस शॉपमध्ये होते. पहिली चेतक आली तेव्हा पहिले काही शे किलोमीटर तिला चाळीसच्या वर त्यांनी कधी नेलं नाही, हे आमच्या घरातलं लोकवाङ्मय आहे. मला वाटलं, पटेल.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. ‘अरे, रनिंग-इन म्हणजे झिजवणं. नव्या बोअरला बारीक रेघा असतात, रिंगा त्यावर घासून घासून बसतात. म्हणून तर पहिलं ऑइल लवकर बदलायचं, चुरा असतो त्यात. यात कोण कोणाला घासतं?’

बॉस, एमबीए झालेल्या माझ्या मॅनेजरने सात वर्षांत मला इतका नेमका प्रश्न विचारलेला नाही. उत्तर नव्हतं. म्हणून रविवार त्यात घातला.

तर ऐका. हेडफोनच्या वाटीत असते एक केसाएवढीही जाड नसलेली प्लॅस्टिकची चकती, तिला चिकटवलेली बारीक तारेची कॉइल, आणि मागे मॅग्नेट. कॉइलमधून करंट गेला की चकती पुढे-मागे थरथरते. बस. घासणारं काहीच नाही. कॉइल मॅग्नेटला घासायला लागली तर त्याला बर्न-इन नाही, बिघाड म्हणतात.

मग ही अफवा आली कुठून? तर मोठ्या स्पीकरवरून, आणि तिथे ती अफवा नाही. गणपतीच्या मांडवातल्या त्या भिंतीएवढ्या स्पीकरचा कोन मागून कापडी जाळीने धरलेला असतो, कडेने रबर किंवा फोमची कड. नवीन असताना हे दोन्ही ताठ असतं. वाजवल्यावर सैल होतं, स्पीकर थोडा खालच्या सुराला उतरतो, आणि हे मीटरवर दिसतं. बहुतेक बदल सुरुवातीच्या थोड्या वेळातच होऊन जातो. हेडफोनच्या त्या चिमुकल्या चकतीला ना जाळी, ना जड कोन.

तरी कोणी मोजलंय का? मोजलंय. टिल हर्टसेन्स म्हणून एक अमेरिकन गृहस्थ. हेडफोन विकण्यात आणि मोजण्यात आयुष्य घातलेला माणूस. त्याने २०११ मध्ये एकेजी कंपनीचा क्यू७०१ हा हेडफोन कोराकरकरीत घेऊन तासन् तास वाजवला आणि मधून मधून मोजत राहिला. आलेख हलले, पण इतके किंचित, की हेडफोन डोक्यावर जरासा सरकला तर त्याहून जास्त फरक पडतो. पुढे त्याने न बघता नवा आणि जुना ओळखायचाही प्रयोग केला आणि बहुतेक वेळा ओळखला, हेही सांगायला हवं, नाहीतर मिरजकर मला सोडणार नाही. पण ते दोन वेगळे नग होते, आणि एकाच फॅक्टरीतून निघालेले दोन नग तंतोतंत सारखे कधीच नसतात. हे बाबांना विचारा.

खरा बदल होतो तो गादीत. वाट्यांवरचा फोम डोक्याच्या दाबाने आणि उबेने मऊ होतो, कानाभोवती नीट बसतो, फट बुजते, आणि बेस भरतो. हे अगदी खरं. फक्त त्यासाठी वाट्यांच्या मध्ये डोकं लागतं. माझ्या कपाटात डोकं नव्हतं. (होतं ते माझं, आणि तेही वापरात नव्हतं.)

आणि दुसरा बदल होतो तो आपल्यात. आवाजाचा बारीक पोत आपल्याला काही सेकंदच नेमका आठवतो. शुक्रवारचा बेस मंगळवारच्या बेसशी ताडून बघणं कोणाच्या बापाला जमत नाही. नवा चष्मा लावल्यावर पायऱ्या दोन दिवस वाकड्या दिसतात आणि मग सरळ होतात, तेव्हा आपण असं म्हणत नाही की चष्मा बर्न-इन झाला.

सोमवारी लंचला हे सगळं मिरजकरसमोर मांडलं. तो गडी शांतपणे दहीभात खात होता. म्हणाला, ‘तंबोऱ्याचं काय?’

आता मिरजेच्या माणसाशी तंबोऱ्यावर वाद घालणं म्हणजे नागपूरकराशी संत्र्यावर. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारी घराणी, ती एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळली आणि आज मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकन आहे, २०२४ पासून. पंढरपूरकडचा भोपळा आणतात, वाळवतात, त्यातून वाद्य उभं राहतं. मिरजकरचं म्हणणं, नवा तंबोरा घरात येतो तेव्हा मुका असतो, वाजवत गेलं की बोलायला लागतो. मग हेडफोन का नाही?

मी विचार केला आणि मला वाटतं तो अर्धा बरोबर आहे. घोडीवर तारा घासतात, बारीक चऱ्या पडतात, म्हणून तर कारागीर जवारी पुन्हा पुन्हा काढून देतो. तिथे कोण कोणाला घासतं, या बाबांच्या प्रश्नाला उत्तर आहे. आणि दुसरं, तंबोऱ्यासमोर माणूस बसलेला असतो. तासन् तास. खुलतो तो कोण, तंबोरा की त्याचा कान, हे वेगळं काढता येत नाही. कपाटातल्या स्वेटरांबद्दल असं म्हणता येत नाही.

‘तरी पण शंभर तास पूर्ण कर,’ मिरजकर म्हणाला. ‘अर्धवट सोडू नये.’

पूर्ण केले. आता हसा. इतकं वाचून, इतकं बोलून, मंगळवारी रात्री बारा वाजता मी कपाटासमोर उभा होतो. कारण सत्यनारायणावर विश्वास नसला तरी प्रसाद कोणी सोडत नाही.

आणि सही वाजत होता यार! अगदी सही. शुक्रवारपेक्षा चांगला की वाईट? शुक्रवारी मी ऐकलाच कुठे होता?

बाबा जागे होते. त्यांना म्हटलं, ‘बाबा, या, तुमच्या आवडीचं लावतो.’ भीमसेन जोशींचे अभंग. बाबांनी सवाई गंधर्वच्या पटांगणात घोंगडी पांघरून रात्री काढलेल्या आहेत. रेडिओवर दोन सूर आले की रेकॉर्डिंग कुठलं ते सांगायचे. डोळे मिटून ऐकत बसले. दोन मिनिटांनी एक वाटी बाजूला केली.

‘आवाज छान आहे. पण यातून टाळ का काढून टाकलेत?’

मी हेडफोन घेतला, कानाला लावला. टाळ होते. चांगले खणखणीत, कानाच्या अगदी जवळ.

या वेळी मला हसू आलं नाही.

मग मागचं सगळं आठवायला लागलं. मंडईत गवारीवाल्याने ‘साठ’ म्हटलं आणि बाबांनी दहाची नोट देऊन दोन रुपये परत मागितले, त्यावर घरादाराने केलेली चेष्टा. साठ आणि आठ यात फक्त एक ‘स’. फोनवर ‘हां हां’ करून आईकडे देतात, त्याचा आम्ही लावलेला अर्थ, की त्यांना बोलायला आवडत नाही. हाक मारली की ‘ओ’ देतात, म्हणून ऐकू येतं असं आम्ही धरून चाललो. हाक ऐकू येतेच. हाकेतली व्यंजनं येत नाहीत.

‘तुमच्या प्रेस शॉपमध्ये कानाला काही द्यायचे का?’ मी विचारलं.

‘द्यायचे की. इअर प्लगचं खोकं असायचं सुपरवायझरच्या टेबलावर. ते घातले की मशीनचा आवाज बदललेला कळायचा नाही. मग डाय तुटली तर बोलणी कोण खाणार? आम्ही कापूस घालायचो. तोही थंडीत.’

पुढच्या शनिवारी वाकडला एका ऑडिओलॉजिस्टकडे दोघं गेलो. बाबा एकटे यायला तयार नव्हते, म्हणून मी म्हटलं माझीही टेस्ट करतो. सोबत म्हणून. काचेच्या साउंडप्रूफ खोलीत बसवतात, डोक्यावर हेडफोन (यांना कोणी बर्न-इन केलं होतं कोण जाणे), आणि बारीक ‘पीप’ ऐकू आलं की बटण दाबायचं. २५० हर्ट्झपासून ८००० पर्यंत. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याचे निळे फुल्या-फुल्यांचे ठिपके. रेघ वर तर कान चांगला. खाली जाईल तसा वाईट.

बाबांची रेघ १००० हर्ट्झपर्यंत ठीक चालत होती, मग घाट उतरल्यासारखी खाली. ४००० ला ७५ डेसिबल. तिथे जे आवाज आहेत ते सगळे, ‘स’, ‘श’, ‘थ’, टाळ, पैंजण, मोबाइलची पीप, त्यांच्यासाठी बंद.

मॅडमनी माझा कागद त्याच्या शेजारी ठेवला. माझी रेघ वर होती, सरळ होती, पण डाव्या कानाला एका जागी खड्डा. ३० डेसिबल. पुढे ८००० ला पुन्हा वर.

जागा? ४०००.

‘ढोल-ताशा पथकात होतात का?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तीन वर्षं. नदीपात्रातली प्रॅक्टिस, लक्ष्मी रोडची मिरवणूक, सगळं. ‘इअर प्लग?’ काय बोलणार, पथकात इअर प्लग घातला असता तर पोरांनी नदीत टाकला असता. मलाच. ‘आणि हेडफोन किती तास?’ नऊ, मी म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं. दोघांत दोषी कोण, हे त्या सांगू शकत नव्हत्या, आणि तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण मोठ्या आवाजाचा मार आधी त्याच पट्ट्यात, तीन ते सहा हजारांत, दिसतो. आतल्या शंखात प्रत्येक कानाला पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. जन्मताना मिळतात तेवढ्याच. मेलेल्या पुन्हा उगवत नाहीत. डोक्यावरच्या केसांना निदान ट्रान्सप्लांट आहे.

म्हणजे मंडळी, शंभर तास वाजवून हेडफोनमध्ये काही बदललं की नाही याची मी रविवारभर शहानिशा करत होतो, आणि तास मोजले जात होते ते दुसऱ्याच बाजूला.

घरी येऊन हिशोब मांडला. जागतिक आरोग्य संघटना आणि आयटीयूने २०१९ मध्ये जे प्रमाण जाहीर केलं, त्यात मोठ्या माणसाला आठवड्याची शिदोरी आहे ८० डेसिबलला ४० तास. पण दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८३ ला २० तास. ८६ ला १०. ८९ ला पाच. तीन डेसिबल म्हणजे व्हॉल्यूमचा एखाद-दुसरा टप्पा, वाढवला तर धड जाणवतही नाही. मी दिवसाला नऊ तास ८६ वर ऐकत असेन, तर आठवड्याचा कोटा मंगळवारी सकाळी स्टँड-अप मीटिंगच्या आत संपला. उरलेला आठवडा उधारीवर.

आणि मी तेवढ्यावर ऐकत असेन का? शांत खोलीत नाही. पण भूमकर चौकात, खिडकी उघडी असलेल्या कॅबमध्ये, शेजारच्या डंपरच्या हॉर्नवर मात करून पॉडकास्टमधला माणूस काय म्हणतोय ते ऐकायचं असेल तर? बाहेरचा गोंगाट दाबायला आपण वर त्याहून मोठा आवाज ओततो. माझ्या फोनला त्याने कुठला आकडा गाठला ते बघायची सोय होती, आणि मी ती दोन वर्षांपूर्वी ‘नको त्या नोटिफिकेशन्स’ म्हणून बंद केली होती. चालू केली. पहिल्या आठवड्याचा आकडा इथे छापत नाही. आई हा कॉलम वाचते.

आता काय करतो? कॅबमध्ये हेडफोन बंद. (पहिल्या दिवशी कळलं, आमच्या ड्रायव्हरकाकांना हिंजवडीच्या प्रत्येक चौकाचा इतिहास तोंडपाठ आहे.) ऑफिसात हेडफोन डोक्यावर असतो, पण निम्मा वेळ त्यात काहीच चालू नसतं. दार लावायला गाणं लागत नाही, हा शोध मला सात वर्षांनी लागला. मिरजकरला अजून सांगितलेलं नाही.

बाबांना मशीन सुचवलंय, दोन्ही कानांना. जोडीची किंमत त्यांना पहिल्या फटक्यात ऐकू आली. ‘एवढ्यात दोन चेतक आल्या असत्या!’ शेवटी पंधरा दिवस ट्रायलवर घ्यायला तयार झाले.

मशीन कानात बसवून मॅडमनी बजावलं, ‘काका, पहिले काही आठवडे सगळं कर्कश वाटेल. पेपरची पानं, ताटल्या, स्वतःचा आवाज. कंटाळून ड्रॉवरमध्ये टाकू नका. वर्षानुवर्षं मेंदूला हे आवाज मिळालेले नाहीत, त्याला ओळख पटायला वेळ लागतो. आधी घरात, रोज थोडे थोडे तास. मग वाढवा.’

बाबांनी माझ्याकडे बघितलं. ‘म्हणजे रनिंग-इन.’

‘हो,’ मी म्हटलं.

‘यात घासतं कोण?’

मॅडमना काही कळलं नाही. मी नंतर समजावून सांगितलं.

काल चिंचवडला गेलो होतो. बाबा प्लॅस्टिकच्या पिशवीवर चिडले होते. ही एवढी ओरडते हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आई म्हणाली, परवा रात्री उठून स्वयंपाकघरातला नळ बंद करून आले, खरंच थेंब थेंब गळत होता. भिंतीवरच्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशोबाच्या खाली, पेन्सिलने रोजचे तास लिहिलेत. दोन, दोन, तीन, साडेतीन, एक (त्या दिवशी शेजारी लग्नाचा डीजे होता), चार.

बेरीज केली. साडेपंधरा झालेत.